पुरुषांसाठी एचपीव्ही लस: सर्व्हाव्हॅक घ्यावी की गार्डासिल ९?

एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू, तो चामखिळी आणि काही कॅन्सर आणतो. त्यावरच्या दोन लशींपैकी मुलाला कोणती द्यायची, याचा निकाल आधीच सांगतो. घरात ९ ते १४ वर्षांचा मुलगा असेल तर त्याला सर्व्हाव्हॅकचे दोन डोस सहा महिन्यांच्या अंतराने द्या, आणि ते पुढच्या वर्षावर ढकलू नका. १५ ते २६ वयाच्या मुलाला याच लशीचे तीन डोस लागतात. गार्डासिल ९ विषाणूच्या जास्त प्रकारांवर चालते यात वाद नाही. पण ती घेण्यासाठी पैसे साठवायचे म्हणून मुलाची लस दोन-तीन वर्षं लांबवणार असाल, तर तो सौदा तोट्याचा आहे. २६ च्या पुढच्या पुरुषांचं गणित वेगळं आहे, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

आपल्याकडे ही लस 'मुलींची लस' म्हणूनच ओळखली जाते. याचं कारण उघड आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर भारतात बायकांना मोठ्या संख्येने होतो आणि सरकारी धोरणाचा सगळा भर तिथेच आहे. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पातही ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचीच घोषणा झाली. मुलग्यांसाठी लस घ्यायची तर खिशातून पैसे मोजावे लागतात. म्हणून पैसे देण्याआधी आपण काय विकत घेतोय हे कळायला हवं.

पुरुषाला धोका किती?

एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत आणि त्यांतले चाळीसेक गुप्तांगाच्या भागात वस्ती करतात. सामान्य माणसाने चार आकडे लक्षात ठेवले तरी पुरे. ६ आणि ११ हे प्रकार गुप्तांगावरच्या चामखिळी आणतात, अशा दहापैकी नऊ चामखिळी या दोघांमुळेच होतात. १६ आणि १८ हे कॅन्सरचे प्रकार. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोघांच्या नावावर आहेत. पुरुषांमध्ये गुदद्वाराच्या कॅन्सरपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास, लिंगाच्या कॅन्सरपैकी जवळपास निम्मे, आणि टॉन्सिल व जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कॅन्सरपैकी एक मोठा हिस्सा एचपीव्हीमुळे होतो. त्यात १६ क्रमांकाचा प्रकार सगळ्यांत पुढे आहे.

संसर्ग किती पसरलेला आहे? २०२३ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यानुसार १५ वर्षांवरच्या दर तीन पुरुषांपैकी जवळपास एकाला गुप्तांगाच्या एचपीव्हीचा निदान एक प्रकार असतो, आणि दर पाचांतल्या एकाला कॅन्सरशी संबंध असलेला प्रकार असतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही, कारण दुखत नाही, खाजत नाही, काही दिसत नाही. ब्राझील, मेक्सिको आणि अमेरिकेतल्या पुरुषांवर वर्षानुवर्षं झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की संसर्ग साधारण साडेसात महिन्यांत निघून जातो, पण १६ क्रमांकाला बारा महिन्यांहून थोडा जास्त वेळ लागतो. शरीरात ठाण मांडून बसतो तो बहुधा हाच.

इथे स्त्री-पुरुषांत एक फरक आहे आणि पुरुषांनी लस का घ्यावी याचं खरं उत्तर त्यात आहे. बायकांमध्ये वय वाढतं तसं संसर्गाचं प्रमाण उतरत जातं. पुरुषांमध्ये ते फारसं उतरत नाही, तिशीत, चाळिशीतही नवा संसर्ग होत राहतो. शिवाय संसर्ग होऊन गेल्यावर पुरुषांच्या रक्तात त्याविरुद्धच्या अँटिबॉडी तयार होण्याचं प्रमाणही बायकांपेक्षा कमी असतं. म्हणजे 'एकदा होऊन गेलं की शरीर शिकतं' हा हिशेब पुरुषाच्या बाबतीत लंगडा पडतो. लशीने तयार होणारी अँटिबॉडीची पातळी मात्र नैसर्गिक संसर्गाने होणाऱ्या पातळीच्या कितीतरी वर असते.

विषाणू कातडीच्या कातडीशी घासण्यातून जातो. त्याला वीर्य लागत नाही, रक्त लागत नाही. म्हणून कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही, कारण अंडकोषाची पिशवी, जांघ, लिंगाचं मूळ हा भाग उघडाच राहतो. संभोग झालाच पाहिजे असंही नाही, मुखमैथुन किंवा नुसता गुप्तांगांचा स्पर्शही पुरतो. सुंता झालेल्या पुरुषांत एचपीव्हीचं प्रमाण कमी आढळतं, हे दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचण्यांतून दिसलं आहे, पण तीही काही ढाल नव्हे. 'माझे संबंध फक्त बायकोशीच आहेत' हे संरक्षण तेव्हाच पूर्ण, जेव्हा दोघांचंही आधीचं आयुष्य कोरं असतं.

याच्या उलट बाजूने होणारा गैरसमज संसार मोडतो, म्हणून स्पष्ट लिहितो. बायकोचा एचपीव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे कुणीतरी आत्ता बाहेर काही केलं, असा अर्थ होत नाही. विषाणू वर्षानुवर्षं अगदी कमी प्रमाणात दबून राहू शकतो आणि मग तपासणीत सापडू शकतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे कोणतीही लॅब सांगू शकत नाही.

आणि नवऱ्याने 'मलाही तपासून घ्या' म्हटलं तर? पुरुषासाठी प्रमाणित अशी एचपीव्ही तपासणी नाही. काही लॅब लिंगावरचा स्वॅब घेऊन पीसीआर करून देतात. त्यावर पैसे घालवू नका. पॉझिटिव्ह आला तर विषाणूवर औषध नाही, निगेटिव्ह आला तर त्याने काही सिद्ध होत नाही, आणि दोन्ही रिपोर्टांनी लस घ्यावी की नाही हा निर्णय बदलत नाही. चामखीळ असेल तर ती त्वचारोगतज्ज्ञाला डोळ्यांनी दिसते.

तंबाखूबद्दल इथेच एक गोष्ट. महाराष्ट्रात तोंडाचा कॅन्सर म्हटला की गुटखा, मावा, मिश्री आठवते, आणि ते बरोबरच आहे. गालाच्या आतल्या बाजूला, हिरडीला होणारा कॅन्सर मुख्यतः तंबाखू-सुपारीचा असतो आणि त्यावर ही लस काहीही करत नाही. एचपीव्हीचा कॅन्सर होतो तो घशात, टॉन्सिलमध्ये आणि जिभेच्या मागच्या मुळाशी. अमेरिकेत घशाच्या या भागातले बहुतांश कॅन्सर आता एचपीव्हीचे असतात. आपल्याकडे त्याही जागी तंबाखूचा वाटा मोठा आहे. लस टोचली म्हणून पुडी चालेल, असं कुणी समजू नये. धूम्रपानाने तर एचपीव्हीचा संसर्ग जास्त काळ चिकटून राहतो.

खोक्यात काय असतं

विषाणूच्या बाहेरच्या कवचात एल-१ नावाचं प्रथिन असतं. हे प्रथिन यीस्टमध्ये बनवलं की त्याचे गोळे आपोआप विषाणूच्या कवचासारखे जुळतात, आत मात्र काही नसतं. डीएनए नाही, त्यामुळे लशीने संसर्ग होण्याचा प्रश्नच येत नाही. शरीराला कवच ओळखीचं होतं. सोबत ॲल्युमिनियमचा क्षार असतो, तो प्रतिसाद वाढवतो आणि दंड दुखण्यातही त्याचा हात असतो.

गार्डासिल ही एमएसडी म्हणजे अमेरिकेतल्या मर्क कंपनीची. चार प्रकारांवरची पहिली गार्डासिल अमेरिकेत २००६ साली मुलींसाठी, २००९ साली मुलग्यांसाठी मान्य झाली. तिच्यात ६, ११, १६ आणि १८ आहेत. भारतात ती मुली-बायकांची लस म्हणूनच वापरली गेली. गार्डासिल ९ अमेरिकेत डिसेंबर २०१४ मध्ये मान्य झाली, तिच्यात ३१, ३३, ४५, ५२ आणि ५८ यांची भर आहे. भारतात ती २०२१ मध्ये आली, तेव्हा मुलग्यांसाठीची मान्यता ९ ते १५ वयापुरती होती.

सर्व्हाव्हॅक पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. प्रकार पहिल्या गार्डासिलचेच, ६, ११, १६, १८. औषध महानियंत्रकांची मान्यता २०२२ च्या जुलैमध्ये मिळाली, बाजारात २०२३ मध्ये आली. मुलगे आणि मुली दोघांसाठी, ९ ते २६ वयात. पुरुषांसाठी कागदोपत्री सरळ मान्यता, आवाक्यातली किंमत आणि चारही महत्त्वाचे प्रकार, हे तिन्ही एका ठिकाणी याच खोक्यात आहे.

किमती शहराप्रमाणे आणि दुकानातल्या सवलतीप्रमाणे हलतात, पण अंदाज असा धरा: सर्व्हाव्हॅक डोसामागे दोन हजारांच्या आसपास, गार्डासिल ९ डोसामागे दहा हजारांच्या वर. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला एकीकडे चार हजार, दुसरीकडे वीस हजारांहून जास्त. वीस वर्षांच्या मुलाला तीन डोस लागत असल्याने सहा हजार विरुद्ध तीस हजारांच्या पुढे. टोचण्याची फी वेगळी.

जादा पाच प्रकारांचे किती पैसे मोजायचे?

दुकानात किंवा दवाखान्यात 'नऊवाली चांगली' एवढंच सांगितलं जातं. मुलीसाठी त्या बोलण्यात दम आहे. पुरुषासाठी किती? अमेरिकेतल्या एचपीव्हीशी संबंधित कॅन्सरची मोजदाद तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०१५ साली दिली होती. १६ आणि १८ मुळे होणारे कॅन्सर बायकांत ६५ टक्के आणि पुरुषांत ६३ टक्के, म्हणजे जवळपास सारखे. पण जादा पाच प्रकारांमुळे होणारे बायकांत १४ टक्के आणि पुरुषांत फक्त ४ टक्के. चामखिळींच्या बाबतीत तर फरक शून्य, कारण ६ आणि ११ दोन्ही लशींत आहेत.

या ४ टक्क्यांसाठी पाचपट किंमत. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावी, त्यात चूक काहीच नाही. मुलाला उद्या लग्न करायचं आहे आणि ते जादा पाच प्रकारही तो बायकोपर्यंत पोचवू शकतो, हाही मुद्दा खरा आहे. पण ज्या घरात दोन मुलं आहेत आणि पैसे मोजून-मापून खर्च होतात, तिथे एकाला गार्डासिल ९ देण्यापेक्षा दोघांनाही सर्व्हाव्हॅक द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्व्हाव्हॅकची एक कमी बाजूही सांगायला हवी. तिची मान्यता अँटिबॉडीच्या तुलनेवर उभी आहे. भारतातल्या बारा केंद्रांवर ९ ते २६ वयाच्या मुलामुलींना सर्व्हाव्हॅक किंवा गार्डासिल देऊन सातव्या महिन्यात रक्त तपासलं, आणि चारही प्रकारांविरुद्धचा प्रतिसाद गार्डासिलपेक्षा कमी नव्हता. ही पद्धत जगभर स्वीकारलेली आहे, कारण कॅन्सर व्हायला दशकं लागतात आणि तोवर थांबणं कुणालाच परवडत नाही. पण पुरुषांमध्ये प्रत्यक्ष चामखिळी आणि कॅन्सरपूर्व बदल टळले, दहा वर्षांपर्यंत संरक्षण टिकलं, हा पुरावा पहिल्या गार्डासिलचा आहे. सर्व्हाव्हॅक आणि गार्डासिल ९ दोघीही त्याच पुराव्याच्या आधाराने उभ्या आहेत.

९० टक्के आणि ६५ टक्के

तो पुरावा नीट वाचला की लस कधी घ्यायची याचं उत्तर मिळतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १८ देशांतले १६ ते २६ वयाचे ४,०६५ पुरुष होते. ज्यांना लशीतल्या प्रकाराचा संसर्ग आधी झालेला नव्हता आणि ज्यांनी तिन्ही डोस वेळेवर घेतले, त्यांच्यात त्या प्रकारांमुळे गुप्तांगावर उठणाऱ्या चामखिळी व इतर बदल ९०.४ टक्क्यांनी घटले. पण आधी संसर्ग झालेले आणि डोस अर्धवट सोडलेले, असे सगळे धरून मोजलं तर तोच आकडा ६५.५ टक्क्यांवर आला.

लस तीच, कारखाना तोच. फरक पडला तो मुख्यतः सुई टोचण्याआधी विषाणू आत शिरलेला होता की नाही, याने. आणि ही मंडळी काही फार अनुभवी नव्हती, तोवर पाचपेक्षा जास्त जोडीदार झालेल्यांना चाचणीत घेतलेलंच नव्हतं. समलिंगी संबंध असलेल्या ६०२ पुरुषांच्या गटात गुदद्वाराच्या कॅन्सरपूर्व बदलांबाबतही हेच दिसलं: संसर्ग नसलेल्यांत ७७.५ टक्के संरक्षण, सगळे धरून ५०.३ टक्के.

लस आधीपासून असलेला संसर्ग बाहेर काढत नाही, उठलेली चामखीळ घालवत नाही, सुरू झालेला बदल उलटवत नाही. ती फक्त पुढचा प्रवेश अडवते. बारा वर्षांच्या मुलाला आत्तापासून कशाला, असं आई-वडील विचारतात. बाराव्या वर्षी द्यायची कारण तेव्हा अडवण्यासारखं सगळं बाहेरच असतं, आणि त्या वयात शरीराचा प्रतिसाद इतका जोरदार असतो की तिनाऐवजी दोन डोस पुरतात. मुलाला लस दिली म्हणजे त्याला मोकळीक दिली असं होत नाही. कावीळ बी ची लस आपण तान्ह्या बाळाला देतो, ती पसरण्याच्या वाटांतही शरीरसंबंध आहेच.

घशाच्या कॅन्सरबद्दलचा पुरावा अजून अप्रत्यक्ष आहे, पण आश्वासक आहे. अमेरिकेतल्या १८ ते ३३ वयाच्या लोकांच्या तोंडातले नमुने तपासले, तेव्हा लस घेतलेल्यांमध्ये लशीतल्या चार प्रकारांचा संसर्ग ८८ टक्क्यांनी कमी होता. त्या भरवशावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० च्या जूनमध्ये गार्डासिल ९ ला घशाचा आणि डोक्या-मानेचा कॅन्सर टाळण्यासाठीची सशर्त मान्यता दिली.

सत्तावीस ते पंचेचाळीस

लग्न झालेला, चौतीस वर्षांचा, बायकोचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. हा माणूस दवाखान्यात येतो आणि लस मागतो. त्याला काय सांगावं?

अमेरिकेत गार्डासिल ९ ला २०१८ पासून ४५ वर्षांपर्यंत मान्यता आहे, पण २७ च्या पुढे सरसकट सगळ्यांनी घ्यावी अशी शिफारस तिथेही नाही, डॉक्टर आणि रुग्णाने बोलून ठरवावं असं आहे. भारतात सर्व्हाव्हॅकच्या माहितीपत्रकावर वय २६ पर्यंतच आहे. गार्डासिल ९ घेणार असाल तर खोक्यातलं माहितीपत्रक उघडून पुरुषांसाठीची वयोमर्यादा स्वतः वाचा. तुमचं वय तिच्याबाहेर असेल आणि डॉक्टर तरी लस देत असतील, तर ते कारण सांगून, चिठ्ठीवर लिहून देतील असं बघा.

वरच्या चौतीस वर्षांच्या माणसाचा जोडीदार पुढेही एकच राहणार असेल, तर लशीतून त्याला मिळणारं फार थोडं आहे. बायकोकडचा प्रकार बहुतेक त्याच्याकडे पोचलेलाच असतो. बायकोचा संसर्ग लवकर जावा म्हणून त्याने लस घ्यावी, याला आधार नाही. त्या काळात कंडोम वापरल्याने मात्र बायकांच्या गर्भाशयमुखावरचे सुरुवातीचे बदल आणि पुरुषांच्या लिंगावरचे सपाट डाग लवकर ओसरतात, असं नेदरलँड्समधल्या चाचण्यांत दिसलं आहे. पैसे बायकोच्या पुढच्या तपासण्यांवर घालवा.

याच वयाचा घटस्फोटित पुरुष, ज्याच्या आयुष्यात नवे संबंध येणार आहेत, किंवा पुरुषांशी संबंध असलेला पुरुष, यांना जास्त मिळतं. त्यांना एखाद्या प्रकाराचा संसर्ग झालेला असला तरी बाकीचे प्रकार अडवायचे शिल्लक असतात. जादा प्रकार असलेल्या लशीचा विचार इथे योग्य ठरतो. एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी वय कितीही असो, तीनच डोस घ्यावेत, दोनवर थांबू नये. आणि लवकर घ्यावेत: २७ च्या पुढच्या एचआयव्हीबाधितांवर पहिल्या गार्डासिलची चाचणी झाली, तिच्यात गुदद्वाराच्या संसर्गावर फायदा दिसला नाही आणि ती थांबवावी लागली.

टोचताना कुठे चुकतं

तारखा आधी. १५ वा वाढदिवस व्हायच्या आत पहिला डोस गेला असेल तर दोनच डोस: १ जूनला पहिला, १ डिसेंबरला दुसरा. पाच महिन्यांच्या आत दुसरा दिला गेला तर तिसरा द्यावा लागतो. घाईने पैसे वाया जातात ते इथेच. १५ वर्षांनंतर सुरू केलं तर तीन: १ जून, १ ऑगस्ट, १ डिसेंबर. पहिल्या दोहोंत किमान चार आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात किमान बारा आठवडे, आणि पहिल्या-तिसऱ्यात किमान पाच महिने. परीक्षा आली, आजारपण आलं, दुसरा डोस वर्षभर लांबला, तर पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. जिथे सोडलं तिथून पुढे.

चौदा वर्षांच्या मुलाला सवयीने तीन डोसांचं वेळापत्रक लिहून दिलं जातं, असंही होतं. जन्मतारीख दाखवा आणि दोन पुरतील का, असं सरळ विचारा.

एकच डोस पुरेल का, असंही बरेच जण विचारतात. त्याबद्दलचा एक भक्कम पुरावा भारतातलाच आहे, बार्शी, पुणे, मुंबई अशा ठिकाणच्या केंद्रांसह झालेल्या अभ्यासाचा. २०१० मध्ये लसीकरण मध्येच थांबवावं लागलं, हजारो मुलींना एकच डोस मिळाला, आणि दहा वर्षांनी पाहिलं तर १६ व १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून त्यांचं संरक्षण तीन डोसवाल्यांइतकंच होतं. पण तो अभ्यास मुलींचा आहे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून शाळेतल्या मुलग्यांनाही एकच डोस देणं सुरू केलं आहे. भारतात स्वतःच्या पैशांनी घेताना माहितीपत्रकातलं वेळापत्रक पाळा. काही कारणाने मुलाचा एकच डोस झाला असेल तर तो फुकट गेला असं मात्र समजू नका.

साठवणीत सर्वांत जास्त बिघडतं. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी आणि ती गोठता कामा नये. गोठली की ॲल्युमिनियमचे कण एकमेकांना चिकटतात, त्यावर बसलेलं प्रथिन निकामी होतं, आणि पुन्हा वितळल्यावर ती चांगली करता येत नाही. मेडिकलमधून लस घेऊन दवाखान्यात नेताना लोक ती बर्फाच्या पिशवीला चिकटवून नेतात, उन्हापेक्षा हे जास्त घातक. पिशवी आणि खोकं यांच्यात जाड कापड किंवा पुठ्ठा हवा. सगळ्यांत बरं म्हणजे जो दवाखाना लस स्वतः ठेवतो तिथेच घ्या. फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे का, वीज गेल्यावर काय करतात, हे विचारायला संकोच करू नका. लस फ्रिजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्याखाली चिकटून ठेवलेली दिसली, तर दुसरा दवाखाना शोधा.

कुपी हातात घेऊन बघा. ठेवलेल्या कुपीत पांढरा थर तळाला बसतो आणि वर पाणी निवळ दिसतं, ते बरोबर आहे. हलवल्यावर सगळं एकसारखं दुधट व्हायला हवं. हलवूनही कण, पापुद्रे तरंगत राहिले तर ती टोचून घेऊ नका. न हलवताच भरली तर औषध तळाशी राहतं, म्हणून टोचणाऱ्याने ती नीट हलवली का, याकडे लक्ष असू द्या. डोस ०.५ मिलीचा. सर्व्हाव्हॅक दोन डोसांच्या कुपीतही मिळते, तिच्यातून ०.५ मिलीच भरलं जातंय ना, आणि कुपी आजच उघडली का, ते विचारा. टोचायची जागा दंडाचा वरचा स्नायू. कुल्ल्यावर नको, तिथे चरबीच्या थरात औषध अडकतं.

टोचल्यावर पंधरा मिनिटं बसून राहायचं. हे औषधाच्या भीतीपोटी नाही. किशोरवयात सुई टोचल्यावर चक्कर येऊन पडण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि इजा होते ती पडल्यामुळे डोकं आपटून. मुलगा उपाशीपोटी आला असेल तर आधी काहीतरी खाऊ घाला. दंड एक-दोन दिवस दुखतो, थोडा सुजतो, कधी डोकं दुखतं, कसकस येते. पॅरासिटामॉल पुरेसं होतं. यीस्टची गंभीर ॲलर्जी असेल किंवा आधीच्या डोसाने तीव्र ॲलर्जी आली असेल तर पुढचा डोस घ्यायचा नाही. अंगात चांगला ताप असेल तर बरं वाटेपर्यंत थांबा, साध्या सर्दीसाठी थांबायची गरज नाही. इतर लशी त्याच दिवशी दुसऱ्या दंडावर चालतात.

सुरुवात एका लशीने झाली आणि तीच पुन्हा मिळेना, तर दुसऱ्या लशीने कोर्स पूर्ण करता येतो. सर्व्हाव्हॅकचा कोर्स पूर्ण करून मग वर गार्डासिल ९ चे डोस चढवण्याची गरज मात्र नसते.

चामखिळी आधीच आहेत त्यांनी त्यांचा इलाज आधी सुरू करावा: लावायचं औषध, गोठवणं किंवा जाळणं, जे त्वचारोगतज्ज्ञ ठरवेल ते. लस घेतल्याने त्या गळून पडतील अशी अपेक्षा ठेवली की फसवणूक झाल्यासारखं वाटतं. पायाच्या तळव्याला लावायची चामखिळीची औषधं गुप्तांगावर लावू नका, तिथली कातडी भाजते.

परदेशात राहणाऱ्यांसाठी थोडकं. ब्रिटनमध्ये मुलग्यांना २०१९ च्या सप्टेंबरपासून शाळेत बाराव्या-तेराव्या वर्षी ही लस मोफत मिळते, ऑस्ट्रेलियात २०१३ पासून, आणि अमेरिकेत ११-१२ व्या वर्षाच्या नेहमीच्या लशींमध्ये ती २०११ पासून आहे. बदलीमुळे मुलगा पुण्याहून लंडनला किंवा तिकडून इकडे येत असेल तर लशीचं नाव, तारीख आणि बॅच क्रमांक लिहिलेलं कार्ड सोबत हवं. नुसतं 'एचपीव्ही झाली' एवढं लिहिलेलं चालत नाही. खोक्यावरचं स्टिकर काढून कार्डावर लावून घेतलं की पुढे वाद होत नाही.

कोर्स पूर्ण झाल्यावर बूस्टर नाही. लस 'लागली' का हे बघायला अँटिबॉडी तपासणीही करू नका, किती पातळी म्हणजे पुरेशी हे ठरलेलंच नाही, त्यामुळे रिपोर्टमधल्या आकड्याला अर्थ नसतो.